जुनी एस्टीम आणि शहाण्यांचा कळवळा

मध्यंतरी एका रविवार पुरवणीत एका सद्गृहस्थांचा लेख आला. घरच्या आवारात जुन्या मोटारी उघडून त्यांच्या सर्किटवर पळवायच्या गाड्या बनवणाऱ्या पोरांना त्यांनी चांगलंच झापलंय. गृहस्थांचं नाव घेत नाही. अशी माणसं प्रत्येक सोसायटीत दोन-तीन असतात आणि वार्षिक सभेत पहिल्या रांगेत बसतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोटार ही शेकडो इंजिनिअरांनी डोकं खपवून कारखान्यात बनवलेली वस्तू, तिला अंगणात पाना लावणं म्हणजे मरणाची तयारी. वेगाची एवढीच हौस असेल तर सरळ नवी दमदार गाडी घ्या आणि ती सर्किटवर न्या. या उद्योगात घालवता तेवढ्या पैशांत चांगली गाडी येते. शिवाय पेट्रोलची नासाडी, कायद्याचा भंग, आणि रात्री हमरस्त्यावर शर्यती लावणारी टोळकीही म्हणे यातूनच निघतात. शेवटी ‘पालकांनी वेळीच लक्ष द्यावे’ असा सल्ला. सोबतचा फोटो परदेशातल्या कुठल्याशा शर्यतीचा होता. अंगणातली गाडी बघायला गृहस्थ कुणाच्या अंगणात गेले नसावेत.

माझा भाचा कोल्हापुरात एका जुन्या मारुती एस्टीमचं हेच करतोय, म्हणून मामाला राग आला, असं कुणी म्हणेल. आला. पण रागावलेल्या माणसाचा मुद्दा केवळ त्या रागामुळे खोटा ठरत नाही.

किरकोळ आक्षेप आधी निकालात काढतो. पैसा: चालू स्थितीतली जुनी एस्टीम आज एखाद्या चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळते, आणि पुढचा खर्च खिसा बघून, हप्त्याहप्त्याने करता येतो, ‘तेवढ्या पैशांत’ येणारी नवी गाडी गृहस्थांनी मला दाखवावी, मी दोन घेतो. पेट्रोल: कोपऱ्यावरून दूध आणायला दीड टनाची एसयूव्ही काढणाऱ्यांनी या विषयावर बोलू नये. कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच बजावलं. अगदी बरोबर. म्हणूनच ही गाडी रस्त्यावर आणायची नसते. नोंदणी रद्द करून घ्यायची आणि सर्किटपर्यंत तिला दुसऱ्या गाडीच्या पाठीवर टाकून न्यायची.

आता सुरक्षिततेचा आक्षेप. गृहस्थांचा हा लाडका, आणि माझाही. कारण तो करणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी गाडीचं चाक काढून आत डोकावलेलं नसतं.

कारखान्यातून निघालेली गाडी सुरक्षित असते, हे खरंच. पण कशासाठी? ऑफिसला जाण्यासाठी, घाट उतरण्यासाठी, समोर म्हैस आली तर एकदा करकचून ब्रेक मारण्यासाठी. सर्किटवर हाच करकचून ब्रेक प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या वळणाआधी मारावा लागतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. थांबताना ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. पॅड तापतात, पॅडमागचा पिस्टन तापतो आणि त्यामागचं ब्रेक ऑइल तापतं. ही ऊर्जा वजनाच्याही प्रमाणात वाढते, हे गृहस्थांच्या ‘नव्या दमदार गाडी’ला लागू पडतं. आतली सीटं, गालिचे, एसी काढून टाकलेल्या एस्टीमपेक्षा ती दुपटीच्या आसपास जड भरते.

बरं, हे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं, कोरडं डॉट 3 प्रतीचं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे. तेच पाणी शोषलेलं असलं की ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. आपल्याकडे चार महिने पाऊस. उकळलं की ऑइलची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. म्हणजे पाय पॅडलवर, पॅडल तळाला आणि गाडी आपल्या मार्गाने पुढे. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी हे ऑइल बदलायला सांगतात. गृहस्थांनी आपल्या गाडीचं शेवटचं कधी बदललं ते आठवून बघावं. आठवणार नाही. जॉब कार्डावर ‘ब्रेक ऑइल ओके’ अशी खूण झाली की आपण निश्चिंत. झाकण कुणी उघडलं होतं का, हे विचारायचीही आपल्याला सवय नाही.

आता अंगणात हे ऑइल कसं बदललं जातं ते सांगतो. एस्टीमची चारही चाकं काढलेली. गाडी स्टँडवर, कारण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही हा तिथला पहिला नियम. ड्रायव्हरच्या जागी माझी बहीण, पदर खोचून. भाचा मागच्या चाकाशी, ब्लीड निप्पलला, म्हणजे ऑइल काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावून. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. “दाब.” बहीण पॅडल दाबते. “धर.” तो निप्पल सैल करतो. चहाच्या रंगाचं ऑइल नळीतून सरकतं, मधेच एक बुडबुडा. निप्पल घट्ट. “आता सोड.” पुन्हा दाब, पुन्हा धर. वरची टाकी रिकामी होऊ नये म्हणून शेजारचा पोरगा तिच्यावर नजर ठेवून. ऑइलचा थेंब रंगावर पडला की रंग फुगतो, म्हणून मडगार्डवर जुनं धोतर अंथरलेलं. नळीतून स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत हेच चालतं, आणि मग पुढचं चाक. मधेच “कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या बघा रे” असा ड्रायव्हरच्या सीटवरून हुकूमही सुटतो. गृहस्थांच्या दृष्टीने ही मरणाची तयारी. त्या माउलीला मात्र आता ब्रेक कसा लागतो हे नीट कळलंय, आणि तिने नवऱ्याच्या गाडीचं झाकण उघडून ‘हे काळं पडलंय’ असं सुनावलंही आहे.

ब्रेकच्या पुढची कामंही याच जातीची. कडक पॅड, रबराऐवजी स्टीलच्या जाळीचे ब्रेक होज, लोअर आर्मचे नवे बुश, शॉकअप. लांबच्या वळणात इंजिनमधलं ऑइल एका बाजूला सरकून पंप हवा ओढू नये म्हणून चेंबरमध्ये पत्र्याच्या आडव्या पट्ट्या. यातलं काही रॉकेट विज्ञान नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या माणसाला आपली अडचण नीट समजावून सांगितली, तर तो चहा संपायच्या आत उपाय सांगतो. त्या माणसाला गृहस्थ तज्ज्ञ मानत नाहीत. त्यांच्या लेखी तज्ज्ञ म्हणजे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला.

एका जागी मात्र मीच हात आडवा घालतो. रोल केज. गाडी उलटली तर टप आत येऊ नये म्हणून बसवलेला पोलादी पाइपांचा पिंजरा. हा ग्रिलवाल्याकडून करून घ्यायचा नाही. जागतिक मोटारस्पोर्ट महासंघाच्या नियमांत मुख्य कमानीला 45 मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा, किंवा 50 व्यासाचा आणि दोन जाडीचा, बिनजोड, थंड ओढलेला पाइप लागतो. बाल्कनीच्या जाळीचा पाइप लांबून तसाच दिसतो आणि नेमक्या वेळी गवतासारखा वाकतो. वेल्डिंगही शर्यतीच्या गाड्या करणाऱ्याकडूनच. शिवाय पिंजरा लावलेल्या गाडीत हेल्मेटशिवाय बसणं हे पिंजरा नसण्यापेक्षा वाईट, कारण डोकं आपटायला आता पोलाद आहे. बकेट सीट, सहा जागी बांधला जाणारा पट्टा, अग्निशामक, विजेचा मुख्य बंद-चालू खटका: यात काटकसर करायची असेल त्याने गाडी विकून कॅरम घ्यावा. गृहस्थांनी एवढंच लिहिलं असतं तर मी त्यांना पत्र पाठवून शाबासकी दिली असती. पण रोल केज हा शब्द त्यांच्या लेखात एकदाही नाही.

सुरक्षिततेचा हा अचानक आलेला उमाळा पाहून मला पुण्यातली हेल्मेटसक्तीची जुनी भांडणं आठवतात. तेव्हा याच वर्गातली, याच वयाची, याच पहिल्या रांगेतली माणसं तावातावाने सांगत होती की हेल्मेटने मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही आणि शहरात वेग असतोच कुठे. एक-दोघांनी तर व्यक्तिस्वातंत्र्यही काढलं. तेव्हा वाद घालून माझा घसा बसला होता. त्या लोकांनी आता माझ्या भाच्याला सुरक्षितता शिकवावी! तो गाडी ढकलत अंगणात फिरवायची असली तरी पट्टा लावतो, आणि आम्ही त्याला हसतो. हीच मंडळी जुन्या मोटारींच्या मिरवणुकीला मात्र सहकुटुंब जातात. सत्तर-ऐंशी वर्षांची गाडी, हार घातलेली, तिच्यात ना पट्टा ना उशी, तरी तिथे टाळ्या. जुनी गाडी चकचकीत उभी राहिली की वारसा, आणि पळायला लागली की गुन्हा!

राहिला हमरस्त्यावरच्या टोळक्यांचा आरोप. रात्री बारानंतर रस्त्यावर जे चालतं त्यात गालिचे उपटलेली, बिनरंगाची एस्टीम आजवर मला दिसलेली नाही. दिसतात त्या वडिलांच्या नावावरच्या नव्या, जड, ताकदवान गाड्या. त्या गृहस्थांच्या सल्ल्याबरहुकूम घेतलेल्या असतात. फक्त त्यांनी सांगितलेलं सर्किट राहून गेलेलं असतं.

मग हे का करायचं? एस्टीमच्या 1298 सीसीच्या, नंतरच्या मॉडेलमध्ये 85 अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनाने कुणी जग जिंकणार नाही. पण हलकी, साधी गाडी चुका लपवत नाही. वळणात लवकर गॅस दिला की पुढची चाकं बाहेर सरकतात आणि स्टीयरिंगमधून ते हाताला कळतं. नव्या गाडीत दहा सेन्सर मध्ये पडून ते झाकतात. आणि मोडलं तर दुरुस्त करायला आपणच असतो, कारण उघडलंही आपणच.

ही परंपरा काही कोल्हापुरात सुरू झालेली नाही. 1948 मध्ये लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाच्या पोराने मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात एक जुनी ऑस्टिन सेव्हन उघडली आणि चिखलातल्या चढणींच्या स्पर्धांसाठी तिची वेगळीच गाडी केली. ती पहिली लोटस. याच कंपनीने पुढे फॉर्म्युला वनमध्ये उत्पादकांचं विजेतेपद सात वेळा मिळवलं. न्यूझीलंडच्या ब्रूस मॅकलॅरेनची पहिली गाडीही वडिलांबरोबर घरी जुळवलेली ऑस्टिन सेव्हनच. आपल्याकडे कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनाभोवती एकासनी रेसगाडी उभी केली; फॉर्म्युला मारुती म्हणून ती पिढ्यांना शिकवून गेली आणि तिथल्या 2.1 किलोमीटरच्या सर्किटला आज त्यांचं नाव आहे. या सगळ्यांच्या वेळीही कुणीतरी पालकांना वेळीच लक्ष द्यायला सांगितलंच असणार.

कबूल, आपल्या बाजूलाही अडचणी आहेत. कोल्हापूरहून कोइमतूर जवळ नाही, चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूरचं सर्किटही लांबच, आणि गाडीपेक्षा तिची ने-आण महाग पडते. पोरांनी यावर मित्रमंडळींत वर्गणी काढून एकच गाडी आळीपाळीने चालवायचं ठरवलंय. ठीक आहे. एकट्याची मिजास त्यात उरत नाही, हेही बरंच.

तेव्हा ज्यांच्या मनात आहे त्यांनी लेख वाचून बिचकू नये. एस्टीमचं उत्पादन 2007 मध्ये थांबलं. रस्त्यावरच्या उरलेल्या गाड्या भंगारात चालल्या आहेत. बघायला जाल तेव्हा रंग आणि टेप बघत बसू नका. गालिचा उचला, खालचं डांबराचं अस्तर स्क्रू ड्रायव्हरने थोडं उकरा आणि पत्रा ठोकून पाहा. पेडलखालचा कोपरा आणि जॅक लावायच्या जागा आधी कुजतात. तिथे स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला तर मालकाला नमस्कार करा आणि दुसरी गाडी शोधा. इंजिन नवं बसवता येतं. कुजलेल्या पत्र्याला रोल केजचे पाय वेल्ड करता येत नाहीत.