जिल्ह्याची कागदपत्रे आणि तालुक्याचे ग्रंथालय

कणकवलीच्या परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने राजकीय अर्थशास्त्रातील विषयावर शोधनिबंध लिहावयास घेतला, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो मुंबईस किंवा पुण्यास जाण्याचा. सल्ला देणाऱ्या प्राध्यापकाचा यात दोष नाही. त्याने स्वतःही बहुधा तसेच केलेले असते. परंतु प्रवासाचा खर्च, महिनाभराच्या मुक्कामाची सोय आणि ग्रंथालयाच्या दारात दाखवावयाचे शिफारसपत्र या तिन्ही गोष्टी ज्याला साधतात, असे विद्यार्थी थोडे. उरलेले चार तयार उतारे कोठून तरी उचलून निबंध पुरा करतात आणि त्याखाली न पाहिलेल्या पुस्तकांची यादी जोडतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली झाली आहे. त्यामुळे साधनांचा प्रश्न आता डॉक्टरेटसाठी धडपडणाऱ्या मूठभरांचा राहिलेला नाही. तो तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या सर्वसामान्य विद्यार्थ्याचा झाला आहे.

या प्रश्नाचे पहिले उत्तर ग्रंथालयात नव्हे, विषयाच्या निवडीत आहे. राजकीय अर्थशास्त्र म्हणजे संपत्ती कोण निर्माण करतो, तिच्यावर हक्क कोणाचा चालतो आणि तो हक्क कोणत्या सत्तेच्या व कायद्याच्या बळावर टिकतो, याचा विचार. ‘जागतिकीकरण आणि भारतीय शेती’ असा विषय घेतला की जगातील सर्व ग्रंथालये अपुरी पडतात आणि हाती मात्र सर्वांना ठाऊक असलेली विधाने लागतात. याउलट प्रश्न आपल्या परिसरापुरता बांधून घेतला, तर साधने मोजकी होतात आणि ती कोठे असतील याचा तर्कही करता येतो. आंबोली, गेळे व चौकुळ या गावांतील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न, गिरणगावात गेलेल्या माणसांनी घरी धाडलेला पैसा, कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी श्रम, सफाई व चर्मोद्योग यांना प्रतिष्ठा देण्यासाठी केलेले प्रयोग, यांपैकी कोणताही विषय विद्वत्तेला कमी पडणारा नाही.

खोतीचे उदाहरण घेतले म्हणजे साधनांचा माग कसा काढावा हे स्पष्ट होईल. मराठी वाचकाला खोत भेटतो तो श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांतून. त्याच्या मागे असलेली जमीनमहसुलाची व्यवस्था पाहावयाची तर प्रारंभ करावा १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडापासून. रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान यांना वाहिलेल्या या खंडात शेती, भांडवल, व्यापार आणि जमीनव्यवस्था यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्याच वर्षी खोती जमाबंदीचा कायदा झाला, म्हणून कायद्याचा मसुदा व त्याच्या निमित्ताने झालेला सरकारी पत्रव्यवहार ही साधनांची दुसरी पायरी. तिसरी पायरी विधिमंडळाच्या कामकाजाची. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला भरपाई देऊन जमीन कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडावा, हा त्याचा हेतू होता. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. खोती जाण्यासाठी स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यावा लागला. बाबासाहेबांचे मुंबई विधिमंडळातील कार्य महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात संकलित आहे.

ही साधने एकापुढे एक ठेवली म्हणजे संशोधन झाले, असे मात्र नाही. गॅझेटियर लिहिणारा अधिकारी महसुलाच्या वसुलीच्या नजरेने गाव पाहतो. खोतांची निवेदने वतनाचा परंपरागत हक्क सांगतात. १९३७ चे विधेयक कुळाच्या बाजूने बोलते. तिन्ही साक्षी एकमेकींशी ताडून पाहणे आणि कोणती साक्ष कोणाच्या हिताची आहे हे ओळखणे, हे राजकीय अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचे खरे काम. एकच पुस्तक हाती असलेल्या विद्यार्थ्याला ते करता येत नाही. साधनांच्या सोयीचा आग्रह धरावयाचा तो एवढ्याचसाठी.

येथे एक साधी अडचण अनेकांना चकवते. सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या सूचीत ‘सिंधुदुर्ग’ शोधणाऱ्याला मालवणचा किल्ला सापडतो, जिल्हा सापडत नाही. त्यापूर्वीची आकडेवारी, शिरगणतीचे अहवाल आणि महसुलाचे कागद रत्नागिरीच्या किंवा सावंतवाडी संस्थानच्या नावाखाली पाहावे लागतात. भरीस इंग्रजी लेखनाचा गोंधळ. जुने साहेब रत्नागिरी ‘रुटनाघेरी’च्या धर्तीवर लिहीत, कणकवलीचे ‘कणकौली’ होई. ही नावे ठाऊक नसतील तर साधन समोर असूनही दिसत नाही, आणि विद्यार्थी ‘या विषयावर काहीच उपलब्ध नाही’ असे लिहून मोकळा होतो.

आता सारे घरबसल्या मिळते, मग ग्रंथालयाची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपले अनेक दुर्मिळ ग्रंथ व अहवाल संगणकावर खुले केले आहेत. ‘शोधगंगा’ या भांडारात विद्यापीठांचे प्रबंध वाचता येतात. लोकसभेतील जुनी भाषणेही उपलब्ध असल्याने बॅ. नाथ पै किंवा प्रा. मधु दंडवते यांनी कोकणच्या प्रश्नांवर काय मांडले, ते मूळ शब्दांत पाहता येते. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन नियतकालिकांच्या सामायिक वर्गणीची योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजूर केली. तथापि तिचा पहिला लाभ केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. कोकणातील बहुसंख्य महाविद्यालये शिक्षणप्रसारक मंडळांनी चालविलेली आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांपुढे हा दरवाजा केव्हा व कितपत उघडणार, हे प्राध्यापक संघटनांनी आग्रहाने विचारावयास हवे.

प्रत्यक्ष ग्रंथालय गाठावयाचे झाले, तरी मुंबई-पुणे एवढेच पर्याय नाहीत. फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेले की शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. दक्षिणेस पणजीला गोव्याचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे; त्याची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ सालचे. मुंबईच्या पुराभिलेखागारात जावेच लागले, तर ते कोणते वर्ष व कोणते खाते पाहावयाचे याची टिपणे हाती घेऊन जावे. असा विद्यार्थी दोन दिवसांत जे काम करतो, ते रिकाम्या हाताने जाणाऱ्याचे पंधरवड्यातही होत नाही.

परंतु सर्वांत मोलाची साधने दूरच्या कोणत्याही कपाटात नाहीत. ती याच जिल्ह्यात, माळ्यावरच्या पेट्यांत व कचेऱ्यांच्या मागील खोल्यांत आहेत. विविध कार्यकारी सोसायट्यांची जुनी दप्तरे, खोतांच्या घरातील कबुलायती, कुळांच्या जवळच्या पावत्या, बाजारपेठेतील दुकानांच्या खतावण्या, मुंबईतील ग्रामस्थ मंडळांचे वार्षिक अहवाल आणि चाकरमान्यांची पत्रे यांची सूची कोणत्याही विद्यापीठाजवळ नाही. गिरणीत काम करणाऱ्या मुलाच्या पगारातून गावच्या शेतीचा तोटा किती काळ भरून निघाला, याचे उत्तर मिळालेच तर अशाच कागदांत मिळेल. कोकणचा पाऊस आणि वाळवी यांना त्यांची किंमत ठाऊक नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणासारख्या कामांत जुनी घरे-दुकाने उतरविली जातात, तेव्हा त्यांतील दप्तरे रद्दीच्या भावाने जातात, आणि एकदा गेलेले दप्तर कोणत्याही योजनेने परत येत नाही.

म्हणूनच या प्रश्नात तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे स्थान मध्यवर्ती आहे. महाराष्ट्रात १९६७ साली ग्रंथालय कायदा झाला आणि मान्यताप्राप्त वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. त्याने गावोगाव वाचनाची गोडी लागली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण पुस्तकांची संख्या व सभासदांची संख्या यांच्या हिशेबात संदर्भसेवा मागे पडली. प्रत्येक तालुक्याच्या मुख्य ग्रंथालयात जिल्ह्याचे असे एक स्वतंत्र कपाट असावे. त्यात गॅझेटियरची जुनी व नवी आवृत्ती, शिरगणतीचे जिल्हा अहवाल, आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड, जिल्ह्यावर झालेल्या प्रबंधांच्या प्रती आणि स्थानिक संस्थांच्या स्मरणिका एकत्र असाव्यात. जोडीला एक नोंदवही असावी: कोणता कागद कोणाकडे आहे, तो पाहावयास मिळेल काय, त्याची छायाप्रत घेतली आहे काय. कागद मालकाच्या घरीच राहू द्यावा. त्याची प्रतिमा व नोंद ग्रंथालयात असली तरी पुरे. याला इमारत लागत नाही. एक कपाट, एक संगणक आणि हे काम आपले आहे असे मानणारा ग्रंथपाल लागतो.

अडचण नेमकी या शेवटच्या गोष्टीची आहे. सार्वजनिक ग्रंथालयातील सेवकाला मिळणारे मानधन इतके तुटपुंजे असते, की त्याच्याकडून संदर्भकार्याची अपेक्षा करणेही संकोचाचे वाटावे. या सेवकांच्या वेतनाचा प्रश्न आणि विद्यार्थ्यांच्या साधनांचा प्रश्न एकच आहे, हे शासनाने व ग्रंथालयांच्या कार्यकारिणींनी ओळखले पाहिजे. तोवर महाविद्यालयांना एक गोष्ट आजही करता येईल. प्रत्येक शोधनिबंधाच्या विद्यार्थ्याने गावातील किमान एका दप्तराची व्यवस्थित सूची करून ती तालुक्याच्या ग्रंथालयात जमा करावी, असा दंडक त्यांनी घालावा. दहा वर्षांत कोणत्याही तज्ज्ञाला हेवा वाटावा असा संग्रह उभा राहील.

वाचकाला कादंबऱ्या हव्या असतात, अशी सबब यावर पुढे येईल. कादंबऱ्या अवश्य असाव्यात. खोताची आठवण त्यांनीच जागी ठेवली आहे. परंतु खोताचे नाव स्मरणात राहिले आणि त्याला अर्धेलीचे भात घालणाऱ्या कुळाची पावती मात्र वाळवीने खाल्ली, तर पुढच्या पिढीला या भूमीच्या अर्थव्यवहाराची एकच बाजू कळेल. ज्याचा कागद टिकतो त्याचाच इतिहास लिहिला जातो. जमीन कसणाऱ्याचा आणि मनीऑर्डर धाडणाऱ्याचा कागद टिकवावयाचा की नाही, याचा निर्णय मुंबईत होणार नाही. तो कणकवलीसारख्या गावांनाच, आणि येत्या काही पावसाळ्यांच्या आत, करावा लागेल.