निषादीचा प्रश्न कोणी विचारला?

वयाची चाळिशी उलटल्यावर मी महाभारत प्रथमच वाचावयास घेतले. घरातील वडीलधाऱ्यांचा सवाल असा की, जे टाकून आलो त्याच्या पोथ्या आता कशाला? बंधुभगिनींनो, 1956 साली नागपुरास घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णांना देव मानणार नाही असे आहे. त्यांचे ग्रंथ वाचणार नाही असे नाही. बाबासाहेबांनी या ग्रंथांची चिकित्सा केली ती वाचूनच केली.

वकिलाचे मन प्रथम सभापर्वात रमते, ही कबुली देतो. स्वतःस हरलेल्या युधिष्ठिराला पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न कोणत्याही न्यायासनापुढे टिकेल असा आहे. विकर्ण तिची बाजू घेतो. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात झटकतात. उत्तर मिळत नाही, पण प्रश्नाची नोंद तरी होते.

आता आदिपर्वाकडे या. वारणावतात लाक्षागृह आहे, विदुराच्या माणसाने खणलेले भुयार तयार आहे. युधिष्ठिर भावांस सांगतो की, पुरोचनाला जाळावे, येथे सहा प्राणी ठेवावेत आणि कोणाच्या लक्षात न येता निघून जावे. सहाच का? पांडव पाच आणि कुंती सहावी. नंतर कुंती अन्नदान करते. अन्नाच्या आशेने एक निषाद स्त्री पाच मुलांसह येते, मद्य पिऊन तेथेच निजते. रात्री भीम आग लावतो.

पुरोचन घातकी होता. त्याच्यापुरता स्वसंरक्षणाचा बचाव मी मान्य करीन. परंतु भुयारातून जीव वाचतच होता. या सहा देहांची गरज जीव वाचविण्यासाठी नव्हती, दुर्योधनाला फसविण्यासाठी होती. ती बाई योगायोगाने, काळाच्या प्रेरणेने आली, असे ग्रंथ म्हणतो. मनसुबा आधी आणि योगायोग मागाहून! असा योगायोग कोणते न्यायालय ऐकून घेईल?

हा भाग मागाहून घुसडलेला आहे, असेही म्हणता येत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या, सुकथनकरांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या आवृत्तीतही तो कायम आहे.

याच पर्वात निषादपुत्र एकलव्याचा अंगठा जातो. ती कथा आपल्या मुलांना ठाऊक आहे. ही कोणी सांगत नाही. एकलव्याला निदान नाव आहे. या स्त्रीला नाव नाही, तिच्या मुलांना नाही. राजसभेत प्रश्न विचारावयास ती उरलीही नाही, आणि ज्याला धर्मराज म्हणतात त्यालाही तो कोणी विचारला नाही.

सकाळी गावकऱ्यांनी राखेत सहा देह पाहिले व हे पांडवच म्हणून आक्रोश केला. हस्तिनापुरात धृतराष्ट्राने उत्तरक्रिया करविली, ती कुंती व तिच्या पाच पुत्रांच्या नावाने.