कुत्र्याची सही आणि आजोबांची पेटी



या आठवड्यात पिंपळगाव बसवंतहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘‘आमचे आजोबा शेंदुर्णीला शिक्षक होते. आता ते आमच्याकडे राहायला आलेत. येताना त्यांनी एक पत्र्याची पेटी आणलीय. तिच्यात पी.जे. गाडीची जुनी तिकिटं, पेपरातली कात्रणं आणि ‘गाडी बंद करू नका’ म्हणून लिहिलेल्या अर्जांच्या नकला आहेत. आई म्हणते, दिवाळीच्या आवराआवरीत पेटी रिकामी करा, रद्दीत घालू. आजोबा काहीच बोलत नाहीत. नुसते पेटीपाशी बसून राहतात. तुम्ही सांगा, ही रद्दी आहे का?’’

पत्र वाचलं आणि या वेळचा ठरलेला विषय बाजूला ठेवला. दिवाळी काही आपल्यासाठी थांबणार नाही, आणि रद्दीवाला तर त्याहून नाही!

आधी ही पी.जे. म्हणजे कोण ते पाहू. पी म्हणजे पाचोरा, जे म्हणजे जामनेर. दोन्ही गावं जळगाव जिल्ह्यातली. तुम्ही निफाडला किंवा लासलगावला गाडीत बसलात, की मनमाड, नांदगाव, चाळीसगाव करत पाचोरा येतं. तिथे मोठ्या गाडीतून उतरायचं आणि शेजारी उभ्या असलेल्या छोट्या गाडीत चढायचं. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी स्टेशनं घेत ती जामनेरला जायची. यातलं पिंपळगाव म्हणजे तुमचं बसवंत नव्हे हं, ते पिंपळगाव हरेश्वर. गंमत पाहा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या तुमच्या एवढ्या मोठ्या पिंपळगावाला स्टेशन नाही आणि त्या पिंपळगावाला होतं.

‘होतं’ म्हणालो, ते लक्षात ठेवा.

गाडी छोटी म्हणजे किती छोटी? एक पट्टी घ्या आणि जमिनीवर अडीच फुटांवर दोन खुणा करा. झालं! तेवढंच अंतर तिच्या दोन रुळांमध्ये होतं, बरोबर ७६२ मिलिमीटर. याला नॅरो गेज म्हणतात. निफाडवरून जाणाऱ्या मोठ्या गाडीच्या रुळांतलं अंतर १६७६ मिलिमीटर असतं, म्हणजे दुपटीहून जास्त. पी.जे.चा सगळा मार्ग जेमतेम ५६ किलोमीटरचा. १९१९ च्या सुमारास तो पुरा झाला. तेव्हापासून शंभर वर्षं शाळा-कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बाया आणि शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला जाणारे भाविक या गाडीने गेले. वेग बेताचाच, पण भाडं गरिबाला परवडणारं.

मग मार्च २०२० उजाडला. करोनाच्या टाळेबंदीत देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे एकेक करून बाकीच्या सुरू झाल्या. पी.जे. मात्र सुरू झाली नाही. गाडी कायमचीच जाणार असं दिसू लागलं, तेव्हा पाचोऱ्यात बचाव कृती समिती उभी राहिली. अर्ज गेले, आंदोलनं झाली. शेवटी असं ठरलं की नॅरो गेजच्या जागी ब्रॉड गेज टाकायची आणि जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायची. बोदवड भुसावळ-नागपूर मार्गावर आहे. म्हणजे दोन्ही टोकं मोठ्या मार्गांना जोडली जाणार.

आता सांगा, लोक जिंकले की हरले? मोठी गाडी मिळणार म्हणून जिंकले म्हणावं, तर त्यांची छोटी गाडी गेली ती गेलीच. विदर्भातल्या ‘शकुंतला’चंही असंच. मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी ही नॅरो गेज गाडी थांबली आणि तिथेही माणसं ‘शकुंतला वाचवा’ म्हणत उभी राहिली.

हा सगळा लढा आणखी पन्नास वर्षांनी कुणाला समजून घ्यायचा असेल तर तो कुठे शोधेल? रुळांवर? रूळ तर बदलले जातात. स्टेशनात? जुनी स्टेशनं पाडली जातात. मग उरतं काय? आपल्या मैत्रिणीच्या आजोबांच्या पेटीत आहे तेच. अर्ज, तिकिटं आणि कात्रणं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कागदांनी काय होतंय? तर ऐका एक खरी गोष्ट. ही आहे इंग्लंडातली.

इंग्लंडच्या उत्तरेला सेटल ते कार्लाइल असा सुमारे ११६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. डोंगरदऱ्यांतून जाणारा, १८७६ मध्ये प्रवाशांसाठी खुला झालेला. वाटेत रिबलहेड नावाचा २४ कमानींचा दगडी पूल लागतो. १९८० च्या सुमारास रेल्वेचे अधिकारी म्हणू लागले, पूल मोडकळीला आलाय, दुरुस्तीला साठ लाख पौंड लागतील आणि प्रवासी तर कुणी येत नाहीत, तेव्हा मार्ग बंदच करू या.

प्रवासी येणार कसे? दिवसाला गाड्याच दोन!

लोकांनी १९८१ मध्ये या मार्गाच्या मित्रांची एक संस्था काढली. ग्रॅहम नटॉल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचा एक लाडका कुत्रा होता, रस्वार्प नावाचा. आता तिथला नियम असा, की प्रवासी गाडी बंद करायची तर आधी नोटीस काढायची. ज्या प्रवाशांना त्रास होणार असेल त्यांनी लेखी हरकत घ्यायची. मग सुनावणी. माणसांनी भराभर हरकती लिहिल्या. सुमारे ३२ हजार सह्या जमल्या. आणि त्यांत एक सही पंजाची होती. रस्वार्पच्या पंजाची!

हसलात ना? पण ती सही ग्राह्य धरली गेली. कारण काय असेल? तर कुत्र्याचं तिकीट काढलेलं होतं. तो रीतसर भाडं भरून प्रवास करणारा प्रवासी होता. कळलं? एका छोट्याशा तिकिटाने कुत्र्यालासुद्धा हरकत घेण्याचा हक्क मिळवून दिला. आणि आपण तिकीट गाडीतून उतरल्या उतरल्या फेकतो!

सह्यांइतकीच महत्त्वाची होती आकड्यांची लढाई. १९८३ मध्ये या मार्गावर वर्षाला ९३ हजार प्रवास झाले होते. लोकांनी गाडीचा प्रचार केला, गाड्या आणि बंद स्टेशनं पुन्हा सुरू झाली आणि १९८९ पर्यंत हा आकडा साडेचार लाखांवर गेला. ‘प्रवासीच नाहीत’ असं म्हणायची सोय राहिली नाही. ११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने सांगितलं, मार्ग बंद होणार नाही. पुलाची दुरुस्तीसुद्धा सांगितल्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात झाली. साठ लाखांचा अंदाज कागदावर होता, म्हणूनच तो चुकला हे नंतर दाखवता आलं.

रस्वार्पचं पुढे काय झालं तेही सांगतो. जानेवारी १९९० मध्ये नटॉल त्याला घेऊन वेल्सच्या डोंगरात फिरायला गेले, ते परतलेच नाहीत. अकरा आठवड्यांनी त्यांचा देह सापडला. चौदा वर्षांचा म्हातारा रस्वार्प ऐन हिवाळ्यात इतके दिवस त्यांच्याजवळ बसून होता. मालकाच्या अंत्यविधीपर्यंत तो जगला आणि मग गेला. २००९ मध्ये याच मार्गावरच्या गार्सडेल स्टेशनात त्याचा पुतळा बसवलाय.

आता परत आपल्या पेटीकडे येऊ.

आपल्याकडेही कागद सांभाळण्याची परंपरा काही छोटी नाही. पुण्याचं पेशवे दफ्तर घ्या. मोडी लिपीतले कोट्यवधी कागद तिथे रुमालात बांधून ठेवलेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे हं, कागद बांधायचं मोठं फडकं! त्यांतले कितीतरी कागद म्हणजे रोजचे साधे हिशेब. ज्या कारकुनाने ते लिहिले त्याला वाटलं असेल का, की आपण इतिहास लिहितोय म्हणून? तो तर दिवसाचा जमाखर्च मांडत होता. पण आज त्याच हिशेबांवरून तेव्हाचे भाव कळतात, पगार कळतात, दुष्काळ कळतात.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ही रद्दी नाही. हे दफ्तर आहे. आणि त्याची दफ्तरदार आजपासून तू! पण दफ्तरदाराला काही पथ्यं पाळावी लागतात. बाकीच्यांनीही ऐका, कारण अशा पेट्या तुमच्याही माळ्यावर असतील.

पहिलं पथ्य, क्रम मोडायचा नाही. आजोबांनी कागद ज्या क्रमाने लावलेत तसेच राहू देत. तिकिटं एकीकडे, कात्रणं दुसरीकडे असं करायचा मोह होईल. पण एखाद्या अर्जाच्या पोटात तिकीट ठेवलेलं असेल, तर त्यालाही काही कारण असेल. आधी यादी कर, मग आजोबांना विचार.

दुसरं, कागदाला दुखवायचं नाही. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढायच्या. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावायची नाही, तिचा डिंक पुढे पिवळा पडून कागदच खातो. लॅमिनेशन तर मुळीच नको. माहिती लिहायची ती मागच्या बाजूला, पेन्सिलीने, हलक्या हाताने. कात्रणावर पेपरचं नाव आणि तारीख नसेल तर त्याची निम्मी किंमत जाते, म्हणून आजोबांना आठवतंय तोवर ती विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेव.

तिसरं, पोच शोधायची. सरकारी कचेरीत अर्ज दिला की आपल्या नकलेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा असतो. त्याला पोच म्हणतात. नुसती नकल सांगते, ‘आम्ही लिहिलं होतं.’ पोच सांगते, ‘तुम्हाला मिळालं होतं.’ दोन्हींत केवढा फरक आहे पाहा! मोठेपणी तुम्हीही कुठे अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

चौथं आणि सगळ्यांत अवघड. ‘नाही’ म्हणणारं पत्रसुद्धा ठेवायचं. गाडी तोट्यात आहे असं कुणी लिहिलं असेल, एखाद्या गावकऱ्याला मोठी गाडीच हवी असेल, तर तेही पेटीत राहिलंच पाहिजे. आपल्याला आवडतं तेवढंच जपलं, तर त्याला दफ्तर म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात.

आता एक काळजीची गोष्ट. सेटल-कार्लाइलचा लढा कागदावर लढला गेला, म्हणून चाळीस वर्षांनीही तो वाचता येतो. पी.जे.च्या वेळी मात्र कितीतरी गोष्टी मोबाइलवर झाल्या असणार. ‘उद्या दहा वाजता स्टेशनवर जमा’ हा निरोप मोबाइलवर, मोर्चाचे फोटो मोबाइलवर. फोन बिघडला, बदलला, हरवला, की सगळं गेलं! म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा लढा शिल्लक राहील आणि चार-पाच वर्षांपूर्वीचा पुसून जाईल, असं होऊ शकतं. म्हणून मैत्रिणी, आजोबांच्या फोनमध्ये गाडीचे फोटो असतील तर त्यांतले निवडक दहा छापून घे. मागे कोण, कुठे, कधी ते लिही आणि पेटीत टाक.

इतरांनो, तुम्हीही शोधा बरं. नाशिक शहर आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यामध्ये एके काळी घोड्यांची ट्राम धावायची. ती १९३० नंतरच्या काही वर्षांत बंद झाली. तिचं एखादं तिकीट कुणाच्या पणजोबांच्या पोथीत खूण म्हणून राहिलं असेल काय? ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला देशातली पहिली किसान रेल निघाली. तुमच्या घरचा शेतमाल त्या गाडीने कधी गेला असेल तर त्याची बिल्टी कुठे आहे? बाबांना विचारा. आज ती साधी पावती आहे. तुमच्या नातवंडांना ती सोन्यासारखी वाटेल.

आता दोन शब्द मैत्रिणीच्या आईसाठी. ताई, घर आवरायचं तर काहीतरी टाकावं लागतंच, तुमचं काही चुकत नाही. पण पेटीच्या आधी एक वही आणा. आजोबांना म्हणावं, रोज एक कागद काढा आणि तो कसला ते नातीला सांगा. ती लिहून घेईल. वही भरली की मग काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते तिघांनी मिळून ठरवा. पेटी पलंगाखाली मावतेच की!

आणि मैत्रिणी, आजोबा बोलत नाहीत असं तू लिहिलंस. त्यांना एकच विचार, ‘‘आजोबा, या अर्जावर पहिली सही कुणाची?’’ मग बघ, कसे बोलायला लागतात ते! काय म्हणाले ते मला कळव. पत्रावर तारीख घालायला मात्र विसरू नकोस.

भेटू पुढच्या आठवड्यात.