खारे ते सगळे समुद्राचे नव्हे

संग्रामपूर तालुक्यातून एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे. घरी काचेच्या पेटीत समुद्राचे मासे पाळायचे आणि जमले तर पुढे शेगावात तसले दुकान टाकायचे, असे त्याने मनावर घेतले आहे. बापाने आपल्या बोलीत सरळ विचारले आहे : "समुद्राच्या मिठाची पिशवी लय महाग सांगतात. आमच्या हिरीचं पाणी तं तसंबी खारंच हाये. मंग मीठ इकत कायले आनायचं? नाही तं सहा डिसेंबरले दादरले जाऊ, तवा दोन कॅन समुद्राचं पाणी भरून आनू काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खारपाणपट्ट्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या मनात तो येणारच. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी विहिरीचे पाहू. एका लिटरमध्ये दोन ग्रॅम क्षार असले तरी पाणी जिभेला खारट-मचूळ लागते. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपण ज्याला खारे म्हणून तोंड वाकडे करतो, ते पाणी समुद्राच्या माशाला जवळजवळ गोडेच. मग त्यात घरातले मीठ घालून ३५ ग्रॅम भरून काढावे काय? तेही चालत नाही. त्या ३५ ग्रॅमपैकी ३० च्या आसपास सोडियम आणि क्लोराईड, म्हणजे आपल्या मिठातले घटक, असतात हे खरे. पण उरलेल्या पाच ग्रॅममध्ये सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम ठरलेल्या प्रमाणात असतात. हे प्रमाण जगातल्या सगळ्या मोकळ्या समुद्रांत जवळपास सारखे आहे. समुद्री जीवांचे शरीर त्याच्याशी जुळलेले असते. आपल्या विहिरीतले क्षार पूर्णेच्या गाळातले. त्यांचा हिशेब निराळा, आणि तो दर विहिरीगणिक बदलतो.

लोणारचे पाणीही खारेच, असे कोणी म्हणेल. पण त्या सरोवराचा सामू दहाच्या आसपास आहे, समुद्राचा आठच्या थोडा वर. लोणारचा खार हा मुख्यतः धुण्याच्या सोड्याच्या जातीचा. पूर्वी तिथून तो काढून विकलाही जात असे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा पाहायला गर्दी लोटली होती. तो रंग अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. ज्या पाण्यात असले जीव फोफावतात, त्यात समुद्रातला मासा टिकणार नाही.

आता दादरचे. चैत्यभूमीला गेलेल्या आपल्या लोकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. पण किनाऱ्यालगतच्या त्या पाण्यात एवढ्या मोठ्या शहराचे सांडपाणी मिसळते. बंद कॅनमध्ये रात्रभर रेल्वेने आणले की त्यातले बारीक जीव मरतात आणि पाणी नासते. १९५१ साली सुरू झालेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या तोंडावरच होते, ती सोय निराळी. आपल्याला समुद्र घरीच कालवावा लागेल.

त्याची रीत अवघड नाही, शिस्तीची आहे. आर.ओ.चे पाणी घ्यावे. बाजारातल्या जारवर भरवसा ठेवू नये, क्षार मोजण्याच्या पेनसारख्या मीटरने आधी तपासावे. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. २० लिटर पाण्याला सुमारे ७०० ग्रॅम समुद्री मीठ लागते, पण पिशवीवर छापलेले प्रमाणच अखेरचे मानावे. पाण्यात मीठ थोडे थोडे टाकावे, मिठावर पाणी ओतू नये. तसे केले तर तळाशी क्षार दाट होऊन कॅल्शियम चुन्यासारखे पांढरे बसते आणि ते पुन्हा विरघळत नाही. पाण्यात छोटा पंप सोडून रात्रभर फिरू द्यावे. दुसऱ्या दिवशी घनतामापक १.०२५ च्या आसपास दिसला आणि पाणी नितळ झाले की ते वापरावे. पेटीत ओतताना दोन्हीकडची उष्णता सारखी असावी, साधारण २५-२६ अंश. आपल्याकडच्या मे महिन्यात हे जमवायचे तर पिंप घराच्या गारव्याच्या कोपऱ्यात ठेवून भोवती ओले पोते गुंडाळावे.

एक गोष्ट आम्हा कारकुनांना लवकर समजते. पेटीतले पाणी उडून जाते, पण मीठ उडत नाही. पाण्याच्या खात्यावर रोज खर्च पडतो आणि मिठाची शिल्लक कायम राहते. म्हणून कमी झालेली पातळी बिनमिठाच्या आर.ओ. पाण्याने भरावी. कालवलेले खारे पाणी फक्त पाणी बदलताना वापरायचे. पुष्कळ जण इथेच गफलत करतात, आणि पेटी दिवसेंदिवस खारट होत जाते.

साठवणीला तांब्या-पितळेचे भांडे मुळीच नको. तांबे झिंगे, शिंपले यांना विषासारखे आहे. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही नको. अन्नासाठी योग्य अशी खूण असलेले प्लॅस्टिकचे झाकणबंद पिंप घ्यावे. भंगारवाल्याकडचे निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात आधी कोणते रसायन होते हे कोण सांगणार? हे माशांपुरते नाही. आपल्या कितीतरी घरांत टँकरचे पिण्याचे पाणी त्याच ड्रमांत भरलेले असते, ते आधी थांबवावे. मिठाची उघडी पिशवी पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून दगड होते, म्हणून घट्ट डब्यात ठेवावी.

एक स्पष्ट सांगतो. आर.ओ. यंत्र एक लिटर चांगले पाणी देताना दोन-तीन लिटर, खाऱ्या विहिरीवर तर आणखी जास्त, पाणी बाहेर टाकते. ज्या घरात बाया टँकरच्या रांगेत उभ्या राहतात, तिथे पेटी करू नये असे आमचे मत आहे. नळ बरा असेल तर करावी, आणि टाकाऊ पाणी फरशीला, संडासाला वापरावे. पेटीतले जुने खारे पाणी मात्र झाडाच्या मुळाशी किंवा शेतात टाकू नये. आपली काळी जमीन सोडियमने आधीच कडक झालेली आहे.

मीटर घरात येणार आहे तर मुलाने तो पिण्याच्या माठातही बुडवावा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. विहिरीचे २४०० चे पाणी आणि टँकरचे २०० चे पाणी निम्मे-निम्मे केले तर १३०० होते. चव सुधारते, पण ५०० च्या आत येत नाही. उकळून क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून दाट होतात. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात किडनीचे रोगी किती घरांत आहेत, हे पत्रलेखकांना आम्ही सांगावे असे नाही. मीटर नुसते एकूण क्षार दाखवतो, नायट्रेट, फ्लोराईड वेगळे दाखवत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून विहिरीचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवालाची प्रत मागून घ्यावी.

दुकानाचे म्हणाल तर प्रवाळ आणि समुद्रघोडा यांची विक्री वन्यजीव कायद्याने बंद आहे, तो मोह धरू नये. विदूषक मासा भारतात पिंजऱ्याबाहेर, हॅचरीत वाढवलेला मिळतो, सुरुवात त्याने करावी. त्याआधी पेटी महिना-दीड महिना माशांविना चालवून पाहावी, आणि रोजचा आकडा वहीत तारखेसह लिहावा. माठाचा आकडा शेजारच्या रकान्यात.