कचारगडच्या बाजाराला हक्काची जागा हवी

माघ पौर्णिमा जवळ आली की सालेकसा तालुक्यातल्या धनेगावची वर्दळ वाढते. मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा स्थानकात पिवळे फेटे आणि पिवळे दुपट्टे घेतलेली माणसं उतरू लागतात. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा आणि विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून ‘जय सेवा’ म्हणत आलेले हे गोंड भाविक कचारगडच्या गुहेकडे निघतात. पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि कली कंकाली या गोंड दैवतांचं हे स्थान. कोंडलेल्या तेहतीस बालकांना लिंगोनं इथूनच मुक्त केलं, अशी श्रद्धा आहे. आणि गुहेकडे जाणाऱ्या वाटेवर, पालांच्या आणि ताडपत्र्यांच्या सावलीत बाजार भरतो.

या बाजाराकडे आजवर यात्रेचं शेपूट म्हणूनच पाहिलं गेलं. बंदोबस्त, पाणी, पार्किंग यांच्या बैठका होतात आणि त्यात दुकानांचा विषय शेवटी येतो, तोही अडथळा म्हणून. प्रत्यक्षात एका मोठ्या समाजाची ही बाजारपेठ आहे. तिचा विचार बाजारपेठ म्हणूनच व्हायला हवा.

इथली पुस्तकांची दुकानं पाहावीत. २०११च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात गोंडी शब्दकोश मागितला तर मिळण्याची शक्यता जवळपास नाहीच. कचारगडला तो मिळतो. १९१८मध्ये मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी तयार केलेल्या लिपीची बाराखडी मिळते, गोंडी दिनदर्शिका मिळते, राणी दुर्गावती आणि कुमराम भीम यांच्या तसबिरी मिळतात. देवसंख्येनुसार गोत्रांच्या याद्या देणारी पुस्तकं तर घरातली वडीलधारी माणसं उभ्याउभ्याच चाळतात. आडनावाचा रकाना सापडला की त्यावर बोट ठेवून बाजूच्या मुलाला वाचायला लावतात. कुळाचे देव चार, पाच, सहा की सात, या गणितावर सोयरीक ठरते. समान देवसंख्येची कुळं एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. ज्यांचं सगळं ज्ञान तोंडी चालत आलं, त्यांच्या घरात ते छापील रूपात इथून जातं.

हा बाजार आपोआप उभा राहिलेला नाही. १९८०च्या दशकात गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीराम कंगाली आणि त्यांच्या सोबत्यांनी कचारगडची यात्रा संघटितपणे सुरू केली. कंगाली रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि उरलेल्या वेळात गोंडी व्याकरण, शब्दकोश, पुनेम म्हणजे गोंड धर्म यांवर लिहीत. त्या पिढीनं पुस्तकं लिहिली आणि ती विकण्याची जागाही या यात्रेच्या रूपानं तयार केली. मोठ्या प्रकाशकांनी ज्या वाचकांकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांच्यापर्यंत ही माणसं पोहोचली.

धनेगाव-दरेकसा परिसरातल्या बायांच्या हाती मात्र या बाजारातून पुरेसं काही लागत नाही, ही खरी उणीव. जंगलाचं वेळापत्रक त्याच्या आड येतं. मोह पडतो फाल्गुन-चैत्रात, चारोळी आणि तेंदूपान त्यानंतर. माघात झाडाखाली काहीच नसतं. वर्षभर मोहफूल कोरडं ठेवायला घरात जागा नसते आणि पैशांची निकड असते, म्हणून ते हंगामातच व्यापाऱ्याकडे जातं. यात्रेच्या ज्या पाच दिवसांत लाखो माणसं दारात येतात, त्याच दिवसांत विकायला माल उरलेला नसतो. केंद्र सरकारनं २०२०मध्ये वाळलेल्या मोहफुलाचा आधारभूत दर किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला. पण साठवणीची सोय नसेल तर तो दर मिळेपर्यंत थांबायचं कसं? धनेगावला दुकानगाळ्यांच्या इमारतीपेक्षा एक कोरडं, उंदीर-घुशींपासून सुरक्षित गोदाम आधी हवं. त्याच्याजवळ पक्के ओटे, पाणी, बायांसाठी शौचालय. वर्षाचे उरलेले दिवस त्याच ओट्यांवर आठवडी बाजार भरू शकतो.

हे सगळं चालवायचं कोणी? इथे कायद्याची एक गोम आहे. १९९६च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात गावबाजाराचं व्यवस्थापन ग्रामसभा आणि पंचायतीकडे सोपवण्याची तरतूद केली. शेजारच्या गडचिरोलीत कोरची, कुरखेड्याला ती लागू आहे. गोंदिया जिल्हा मात्र महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रातच नाही. म्हणजे गोंडांच्या सर्वांत मोठ्या श्रद्धास्थानांपैकी एकाच्या पायथ्याशी भरणाऱ्या बाजारावर तिथल्या ग्रामसभेला तो अधिकार नाही. हा अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचंही कारण नाही. वनहक्क कायदा गोंदियाला लागू आहेच. त्याच्या बळावर गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी २०१३पासून तेंदूपानाची विक्री स्वतःच्या हाती घेतली. ज्यांना लिलाव चालवता येतो, त्यांना पाच दिवसांचा बाजार नक्कीच चालवता येईल.

तेलंगणात केसलापूरच्या नागोबा जत्रेत १९४०च्या दशकापासून दरबार भरतो. अधिकारी तिथे येऊन आदिवासींची गाऱ्हाणी ऐकतात. कचारगडलाही असा दरबार भरावा आणि त्यात दुकानदारांना, मोह विकणाऱ्या बायांना आणि पुस्तकं घेऊन आलेल्या लेखकांना बोलू द्यावं. पंचायतीनं दुकानांकडून घेतलेल्या फीचा हिशेब तिथेच वाचला जावा. किती रक्कम जमली, त्यातले किती पैसे ओट्यांवर, पाण्यावर, दिव्यांवर खर्च झाले, हे पुढच्या माघ पौर्णिमेला सगळ्यांसमोर सांगितलं जावं.