अर्जाचा रंग बदलला, रकाने तेच



चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्याने आपले नोकरभरतीचे संकेतस्थळ नव्याने करून घेतले आणि ‘महिला संघटना म्हणून तुम्हीही एकदा बघा’ असे आम्हाला बोलावणे आले. गार खोली, चहा-बिस्किटे, पडद्यावर हेल्मेट घातलेली हसरी मुलगी. एक तरुण अधिकारी उत्साहाने सांगत होते, “मॅडम, आमचा सगळा भर अर्जदाराच्या अनुभवावर आहे. तीन टप्प्यांत अर्ज पूर्ण, कुठे अडायचं कामच नाही!”

मी मुद्दामच एकटी गेले नव्हते. आमच्या वस्तीतल्या गटातली एक ताई बरोबर होती. वय ३९, बारावी पास. लग्नाआधी चार वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे जोडकाम केलेले. म्हटले, ह्या अर्ज भरतील, आपण नुसते बघू.

पहिल्याच टप्प्यावर अडले. आधारला जोडलेला मोबाइल नंबर हवा. तो नंबर नवऱ्याच्या खिशात. ओटीपी त्याच्याकडे गेला आणि मिनिटाभरात त्याचाच फोन आला, कसला ओटीपी? ताईने घरी अजून काही सांगितले नव्हते. ती “बचत गटाचा” म्हणाली आणि आकडा मागून घेतला. खोलीत कोणी काही बोलले नाही. नोकरी शोधते आहे हे ज्याला योग्य वेळी सांगायचे तिने ठरवले होते, त्याला ते कंपनीच्या यंत्राने जवळजवळ सांगूनच टाकले होते.

पुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव, शेजारी लाल तारा. म्हणजे ते भरल्याशिवाय सुटका नाही. (मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे २०२४ मध्ये राज्य सरकारने बंधनकारक केले, पण ही बातमी कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचलेली दिसत नाही.) वैवाहिक स्थिती. मुले किती. मग ‘कामातील खंडाचे कारण’, त्याला तीनच पर्याय : शिक्षण, आजारपण, इतर. दोन मुले वाढवली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे केले, रोजचे पंधरा डबे पोचवले. ते सगळे ‘इतर’. शेवटी ‘गेल्या पाच वर्षांतील अनुभव’. डब्यांना ना पगाराची चिठ्ठी, ना कंपनीचे पत्र. ताईने शून्य टाकले. अर्जदाराच्या अनुभवाचा एवढा कळवळा, आणि अर्जदाराचा अनुभव शून्य!

मुले किती हे कशाला विचारता, असे मी विचारले. अधिकारी प्रामाणिकपणे म्हणाले, “मजकूर जुन्या छापील फॉर्मवरूनच आलाय. आम्ही फक्त मांडणी बदलली.”

हेच तर आमचे भांडण आहे. मांडणीला पैसा मिळतो, प्रश्नांना कोणी हात लावत नाही. आणि हे प्रश्न निरुपद्रवी नसतात. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये एकेकाळी बाईची पाळी, गर्भारपणे यांची माहिती मागत. नीरा माथूर यांनी बाळंतपणाची रजा घेतली तेव्हा पाळीची तारीख खोटी दिली असे म्हणून त्यांना काढून टाकले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले आणि असले रकाने काढून टाकायला सांगितले. म्हणजे फॉर्ममधला एक रकानाही बाईची नोकरी घालवू शकतो. २०२४ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की तामिळनाडूतल्या आयफोन जोडणीच्या कारखान्यात विवाहित बायकांना भरतीतूनच बाजूला सारत होते. भरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यात मनाई होती, त्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेतही आहे. पण लग्नाचा रकाना असला की ‘स्त्री म्हणून’ नाकारले असे म्हणावेच लागत नाही.

आता तर चाळणीही यंत्रच लावते. ॲमेझॉनने असे यंत्र करून पाहिले, तर ते अर्जात ‘महिलांचा’ असा शब्द दिसला की गुण कमी करी. आधीच्या वर्षांत आलेले अर्ज बहुतेक पुरुषांचे, त्यावरून ते शिकले होते. कंपनीने ते सोडून दिले, २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. आमच्या ताईचा शून्य आणि ‘इतर’ कुठल्या चाळणीत पडणार, हे त्या खोलीतल्या कोणालाच सांगता आले नाही.

थोडे आपल्याबद्दलही बोलले पाहिजे. गेली काही वर्षे आपण बायकांना काय शिकवत आलो? ईमेल काढा, पीडीएफ करा, मधली वर्षे हुशारीने झाका. मीही शिकवले आहे. बाई फॉर्ममध्ये मावली पाहिजे, एवढेच आपले ध्येय झाले. फॉर्म कोणी केला, हे विचारायचे राहून गेले.

आम्ही कारखान्याला पत्र दिले आहे. पगार जाहिरातीतच लिहा. लग्न, मुले, पती हे रकाने काढा, निवड झाल्यावर विम्यासाठी लागतील तेव्हा विचारा. आधारचा नंबर अर्जाला कशाला? मराठीत भरता येऊ दे, फाटकावर कागदी अर्जही घ्या. घरच्या नि असंघटित कामाला अनुभवात जागा द्या. नाकारलेत तर कारण कळवा, आणि खाली एका माणसाचा फोन नंबर द्या, जो उचलला जातो.

सात आठवडे झाले. पत्राला पोच मिळाली, उत्तर नाही. ताईच्या अर्जापुढे हिरव्या, सुबक अक्षरांत ‘विचाराधीन’ एवढेच दिसते. ती दर सोमवारी माझ्या फोनवर येऊन बघते.

तुमच्या भागातल्या कंपन्यांचे अर्ज उघडा आणि कोणते रकाने सक्तीचे आहेत ते उतरवून आम्हाला पाठवा. पुढच्या वेळी त्या गार खोलीत एका कारखान्याचा नाही, सगळ्यांचा कागद घेऊन जायचे आहे.