जुना संगणक पुरेसा आहे, अडलंय भाषेपाशी

आमच्या नांदेड-लातूरकडच्या उर्दू आणि मराठी शाळांत संगणक शिकवणं म्हणजे बहुतेक वेळा टायपिंग, एक्सेल आणि शेवटी एक प्रमाणपत्र. नेटवर्क शिकवूया म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘सर, राउटर, स्विच, दहा संगणक आणायचे कुठून?’ या प्रश्नाचं उत्तर कधीच सापडलेलं आहे, आणि ते मोफत आहे.

मी भाषेचा शिक्षक, म्हणून उदाहरणाने सांगतो. एका वाड्यात पाच बिऱ्हाडं राहतात. खोली वेगळी, चूल वेगळी. पण बाहेरचा दरवाजा एकच आणि त्याची किल्ली मालकाकडे. २००० साली फ्रीबीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘जेल’ नावाचे कप्पे आले, ते असेच होते. प्रत्येकाच्या फाइली आणि चालू कामं वेगळी, पण नेटवर्क मालकाचं. कप्प्याच्या वाट्याला फक्त एक आयपी पत्ता.

क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठाचे मार्को झेक यांनी प्रत्येक कप्प्याला नेटवर्कची अख्खी यंत्रणाच स्वतंत्र दिली: जोडण्या, पत्ते, मार्गांचा तक्ता, फायरवॉल. हे काम त्यांनी २००३ मध्ये मांडलं. २००९ च्या फ्रीबीएसडी ८.० मध्ये ते प्रायोगिक म्हणून आलं आणि २०१८ च्या १२.० पासून मूळ मांडणीतच असतं. लिनक्समध्ये हीच सोय ‘नेटवर्क नेमस्पेस’ या नावाने आहे.

म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा दरवाजा मिळाला. दोन कप्प्यांमध्ये आभासी केबल टाका, तिसऱ्याला राउटर करा, चौथ्यावर फायरवॉल बसवा. कर्नल सगळ्यांचा एकच, त्यामुळे दर कप्प्याला नवी सिस्टिम चालवावी लागत नाही. असे दहा कप्पे जुना संगणकही पेलतो. पाया एकच असल्याने तो खचला तर सगळ्या भिंती धोक्यात येतात, हे खरं. पण शिकण्यासाठी ही अडचण नाही. झाग्रेबमध्ये याच पायावर ‘इम्युनेस’ हे साधन तयार झालं आणि तिथले विद्यार्थी त्यावर नेटवर्क शिकले.

आमच्याकडे याची गरज जास्त आहे. लातूर पॅटर्नची सगळी धाव नीटच्या गुणांकडे. ज्यांचा नंबर लागत नाही, त्यांचं काय? ज्या मुलीला घरचे पुण्याला पाठवणार नाहीत, तिचं काय? तिला घरच्या संगणकावर अख्खं जाळं उभारता येईल. फायरवॉलचा नियम चुकला तर कप्पा पुसायचा, नवा करायचा. शाळेचं इंटरनेट बंद पडत नाही, कोणी रागावत नाही. बिनधास्त चुकता येणं ही शिकण्यातली मोठी सवलत असते, आणि ती आजवर पैसेवाल्यांच्या मुलांनाच मिळाली.

मग अडतं कुठे? पुस्तिका इंग्रजीत आहेत. उर्दू माध्यमातला मुलगा ‘राउटिंग टेबल’ हे शब्द वाचूनच मागे सरतो. ‘कोणत्या पत्त्याला कोणता रस्ता’ असं सांगितलं तर पाच मिनिटांत समजतो. काम आमचं आहे: उर्दूत आणि मराठीत प्रत्येकी पाच धडे, आणि शाळेत कपड्याखाली झाकून ठेवलेला एक संगणक. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलांनी एखादा रविवार दिला, तर धडे आम्ही शिक्षक लिहून काढू. निधीची वाट पाहायचं कारण उरलेलं नाही.